पाइप वाढवला तरी सिग्नल पडतो: उंची, कोॲक्स केबल आणि पावसाळ्यात परत येणारा दोष

हॅम रेडिओवाल्यांची ही तक्रार नेहमीची आहे. अँटेना गच्चीवरून आणखी दहा फूट वर नेली, नवा जीआय पाइप आणला, चारी बाजूंनी ताण दिले, आणि आधी स्वच्छ ऐकू येणारा डोंगरावरचा रिपीटर (ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) आता खरखरीतून ऐकावा लागतो. मीटर बघावा तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ सर्वांत चांगला) १.३, म्हणजे पूर्वीपेक्षा चांगला. दिवाळीच्या सुमारास थोडं सुधारतं, म्हणून विषय सोडून दिला जातो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच, आणि या खेपेला जास्त.

सांगली-मिरजेत हे दुखणं किरकोळ मानता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाखाली चढायला लागतं, वीज जाते, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपत येतात, तेव्हाच हॅमच्या सेटची खरी गरज पडते. आणि ते दिवस भर पावसाचे असतात. उन्हाळ्यात उत्तम चालणारं आणि पावसात झोपणारं स्टेशन आपल्या भागात उपयोगाचं नाही. म्हणून हा दोष मुळापासून काढलाच पाहिजे.

आधी हिशेब करू, कारण हिशेब केल्याशिवाय दोष उंचीचा की केबलचा हे कळत नाही.

सांगलीसारख्या सपाट भागात, आजूबाजूच्या नारळ-लिंबाच्या आणि स्लॅबच्या वर अँटेना निघाली की उंची दुप्पट केल्यावर सिग्नल साधारण ६ डीबीने (डेसिबलने, ३ डीबी म्हणजे शक्ती दुप्पट) वाढतो. ९ मीटरवरून १२ मीटरवर गेलात तर सुमारे अडीच डीबी हाती लागतात. नजरेच्या टप्प्याचं सूत्रही हाताशी ठेवावं: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ९ मीटरला सुमारे साडेबारा किलोमीटर, १२ मीटरला सव्वाचौदा. दोन्ही टोकांचे आकडे मिळवायचे. सांगली-तासगाव थेट बोलायचं असेल तर दोन्हीकडे ९-१० मीटर असणं म्हणजे जेमतेम काठावर असणं, हे यातून लगेच दिसतं.

आता केबल, म्हणजे सेट आणि अँटेना यांना जोडणारी कोॲक्स: मधे तार, भोवती जाळी. आरजी-५८ ही पातळ काळी केबल १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डीबी खाते, म्हणजे मीटरमागे ०.२ डीबी. ४३५ मेगाहर्ट्झला तीच केबल १०० मीटरला ३७ डीबीच्या आसपास जाते. जाड आरजी-२१३ चे आकडे अनुक्रमे ९ आणि १७ च्या जवळ, आणि एलएमआर-४०० प्रकारच्या केबलचे ५ आणि ९ च्या जवळ. उत्पादकाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण निर्णय घ्यायला हे आकडे पुरेसे आहेत.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. तीन मीटर पाइप वाढवून अडीच डीबी मिळाले आणि तीन मीटर आरजी-५८ वाढून ०.६ डीबी गेले, तर व्हीएचएफवर (१४५ मेगाहर्ट्झला) नक्की फायदा आहे. यूएचएफवर (४३५ मेगाहर्ट्झला) १.१ डीबी गेले तरी फायदा आहेच. उंचीचा फायदा वर जाताना कमी कमी होत जातो हे खरं, पण आरजी-५८ लावूनसुद्धा १४५ मेगाहर्ट्झला तो साधारण ४० मीटर उंचीपर्यंत केबलच्या तोट्याला पुरून उरतो. एवढा पाइप आपल्यापैकी कुणाच्याच गच्चीवर नाही. तेव्हा "उंच नेली म्हणून केबल वाढली, आणि केबल वाढली म्हणून सिग्नल पडला" हे सरळ उभ्या केबलच्या बाबतीत गणितात बसत नाही. सिग्नल पडला असेल तर कारण दुसरं आहे आणि ते सापडतं.

पहिलं कारण आडव्या केबलमध्ये असतं. उभ्या मीटरला मोबदला आहे, आडव्या मीटरला काहीच नाही. आपल्याकडची घरं कशी असतात ते आठवा. अँटेना गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, टाकीशेजारी, कारण तिथे पाइप बांधायला सोय. सेट तळमजल्याच्या पुढच्या खोलीत. केबल गच्ची ओलांडते, जिन्याने उतरते, गॅलरीतून फिरते, खिडकीतून आत येते. शिवाय "असू दे, लागेल कधी" म्हणून सात-आठ मीटरची वेटोळी कपाटामागे. वर पाइप तीन मीटर वाढला तेव्हा तीन मीटर केबल कुणी जोडत नाही. घरात पडलेला दहा मीटरचा तुकडा बॅरल कनेक्टर (दोन केबल जोडणारा) लावून जोडला जातो. मग हिशेब असा होतो: उंचीचे अडीच डीबी आले, दहा मीटर आरजी-५८ चे दोन डीबी गेले, उरला अर्धा डीबी, जो कानाला कळत नाही. यूएचएफवर ३.७ गेले, म्हणजे सव्वा डीबीचा निव्वळ तोटा. ही झाली कोरड्या, निर्दोष केबलची गोष्ट. गच्चीवर उघड्यावर बसलेल्या त्या बॅरलच्या जोडात पाणी शिरलं की पुढचं सगळं सुरू होतं.

एसडब्ल्यूआर मीटर काय लपवतो

या दोषात माणसं वर्षानुवर्षं अडकतात ती याच मीटरमुळे, म्हणून इथे जरा थांबतो.

सेटजवळ लावलेला मीटर परत आलेली शक्ती मोजतो. अँटेनाकडून परतलेली लाट मीटरपर्यंत येताना पुन्हा त्याच केबलमधून येते आणि पुन्हा तेवढीच झिजते. केबल जितकी वाईट तितकं परत कमी येतं, आणि मीटर तितका समाधानी दिसतो. समजा अँटेना बिघडली आहे आणि तिच्या पायाशी खरा एसडब्ल्यूआर ३ आहे. २० मीटर आरजी-५८ च्या या टोकाला १४५ मेगाहर्ट्झवर मीटर १.५ दाखवेल. केबल ३० मीटर करा, तोच मीटर १.३ दाखवेल. अँटेनात काहीही सुधारलेलं नाही, मधे झीज वाढली आहे एवढंच.

याहून टोकाची गोष्ट बघा. ३० मीटर आरजी-५८ च्या वरच्या टोकाला अँटेनाच नसेल, नुसतं उघडं टोक असेल, तरी खाली साधारण १.७ दिसतं. ४० मीटरला १.४. यूएचएफवर तर २० मीटर केबल पुरते, अँटेना काढून ठेवली तरी १.४. पाणी शिरलेल्या केबलची झीज यापेक्षाही जास्त असते. म्हणून जून-जुलैत एसडब्ल्यूआर अचानक "छान" झाला तर आनंद मानू नये, गच्चीवर जावं.

शक्तीचा हिशेबही तसाच. सेटमधून २५ वॉट निघाले आणि केबल २० मीटर आरजी-५८ असेल तर अँटेनाला १० वॉट पोचतात. ३० मीटरला सव्वासहा. तीच ३० मीटर आरजी-२१३ असेल तर तेरा-साडेतेरा वॉट, एलएमआर-४०० असेल तर साडेसतरा. ऐकण्याच्या बाजूलाही व्हीएचएफ-यूएचएफवर तेवढंच नुकसान होतं, कारण रिसीव्हरच्या आधी गेलेला प्रत्येक डीबी थेट ऐकण्यातून वजा होतो. आणि एफएमचा स्वभाव काठावरचा आहे. एका मर्यादेच्या वर आवाज स्वच्छ, तिच्या थोडं खाली आलात की एकदम खरखर. म्हणून दोन-तीन डीबी कुणाला मोठे वाटत नाहीत, पण काठावरच्या स्टेशनला तेवढ्यात बोलणं समजेनासं होतं.

दोष कुठे आहे हे शोधणं

एकदम सगळं उघडू नका. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जोड उकलला की ओल निघून जाते आणि पुरावा नाहीसा होतो. शक्यतो दोष दिसत असतानाच, म्हणजे दोन दिवस पाऊस लागून राहिल्यावर उघडीप मिळाली की लगेच तपासा. ऑक्टोबरच्या उन्हात तपासलं तर सगळं ठीक दिसेल.

सर्वांत खात्रीची तपासणी सोपी आहे. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा) आणि वॉटमीटर गच्चीवर न्या. अँटेना काढून केबलच्या वरच्या टोकाला वॉटमीटर आणि त्यापुढे डमी लोड लावा. खाली कुणाला तरी कमी शक्तीवर, पाच-दहा वॉटवर, काही सेकंद पीटीटी (बोलायचं बटण) दाबायला सांगा. वर किती पोचतं ते वाचा. मग तोच वॉटमीटर आणि तोच डमी लोड खाली सेटला थेट लावून वाचा. दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे केबलचा खरा तोटा. २० मीटर आरजी-५८ असेल तर व्हीएचएफवर दहाचे चार वॉट पोचणं हे केबलच्या लायकीप्रमाणे बरोबर आहे. एक-दीड वॉट पोचत असेल तर केबल किंवा जोड गेला. आणि अपेक्षेइतकं पोचत असेल तर केबल निर्दोष, आता अँटेनाकडे बघा. दहा मिनिटांच्या या कामाने निम्मे तर्क संपतात. मला ही एक तपासणी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

नॅनोव्हीएनए (केबल आणि अँटेना तपासायचं छोटं उपकरण) असेल तर काम आणखी सोपं. खालच्या टोकाला कॅलिब्रेट करा, वरचं टोक उघडं ठेवा, आणि रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती डीबीने कमी झाला ते) वाचा. त्याच्या निम्मा म्हणजे एका दिशेचा तोटा. वरचं टोक शॉर्ट करून पुन्हा वाचा आणि दोन्हींची सरासरी घ्या. याच उपकरणात अंतर दाखवणारी सोय असते. वेगाचा गुणक (केबलमधला सिग्नलचा वेग, प्रकाशाच्या तुलनेत) आरजी-५८ आणि आरजी-२१३ साठी ०.६६, एलएमआर-४०० सारख्या फोमच्या केबलसाठी ०.८५ भरा. आलेखात ११ मीटरवर उंचवटा दिसला आणि तुमचा बॅरल कनेक्टरही साधारण तिथेच असेल, तर चोर सापडला. सेट वापरून उघड्या टोकावर पूर्ण शक्तीने प्रक्षेपण मात्र करू नका, त्यात सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

नुसता मल्टिमीटर असला तरी काही कळतं. केबलची दोन्ही टोकं मोकळी करा. मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये मेगाओहमच्या रेंजवरही काही दिसता कामा नये. आकडा दिसला आणि तो हलत राहिला तर आत ओल आहे. मग वरचं टोक शॉर्ट करून खाली मोजा, एक-दोन ओहमपेक्षा जास्त आलं तर जाळी कुजली आहे किंवा सोल्डर सुटलं आहे. एक सावधगिरी: अँटेना लावलेली असताना मोजून शॉर्ट दिसलं म्हणून घाबरू नका. स्लिम-जिम, जे-पोल, फोल्डेड डायपोल या अँटेना डीसीला मुळातच शॉर्ट असतात.

पाऊस नसताना तपासायचं असेल तर मगाने पाणी ओता. खाली कुणीतरी कमी शक्तीवर मीटर किंवा नॅनोव्हीएनए बघत बसावं, वर एकेका जोडावर सावकाश पाणी सोडावं. आधी मधला जोड, मग अँटेनाचा पाया, मग केबलचा प्रत्येक बांधलेला भाग. आकडा जिथे हलला तिथे भेग आहे. केबलवर खारीने किंवा माकडाने चावा घेतलेला असतो, तोही असाच सापडतो. सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात माकडांचं हे कारण मुळीच दुर्मीळ नाही.

सरकत्या खिडकीच्या चौकटीत केबल चेपली असेल तर तीही बघा. फोमच्या केबलला एकदा चेप बसला की ती पूर्ववत होत नाही. जाड केबलला तळहाताएवढ्या वेटोळ्यात वळवू नये. आरजी-२१३ ला साधारण पाच इंच त्रिज्येचं वळण हवं.

पाणी आत गेलं की काय होतं

पीएल-२५९ (केबलच्या टोकाला नेहमी असतो तो कनेक्टर) आणि त्याचं सॉकेट जलरोधक नाही. घट्ट आवळलं की पाणी जाणार नाही हा समज चुकीचा आहे. आट्यांमधून ओल आत जाते, आणि जाळीच्या बारीक तारा तिला वातीसारख्या ओढून घेतात. एका जोडात शिरलेलं पाणी केबलमध्ये कितीतरी फूट आत सरकतं. उन्हाने पाणी सुकतं, पण तांब्यावर काळा-हिरवा थर राहतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारांच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, आणि पृष्ठभागच खराब झालेला असतो. म्हणून दिवाळीनंतर सुधारणा होते पण पूर्ण होत नाही, आणि दर वर्षी दोष थोडा वाढलेला असतो. दोष दरवर्षी परत येतो तो यामुळे. जोड पुसून, सुकवून, पुन्हा आवळून तो कायमचा जात नाही.

केबलच्या टोकाचं आवरण वीतभर सोला. जाळी लखलखीत तांब्याची किंवा कथिलाची दिसली तर चांगलं. काळपट असेल तर फूटभर कापा आणि पुन्हा सोला. दोन-तीन फुटांनंतरही काळीच निघाली तर ती केबल टाकून द्या. जीव कळवळतो, पण त्या केबलवर घातलेला प्रत्येक नवा कनेक्टर वाया जातो.

नवा जोड करताना उघड्यावर शक्य तो जोड असूच नये. सेटपासून अँटेनापर्यंत एकसंध केबल ही सर्वांत स्वस्त जलरोधक व्यवस्था आहे. जोड टाळता येत नसेल तर एन कनेक्टर घ्या, त्यात रबरी वॉशर असतो आणि यूएचएफवरही तो पीएल-२५९ पेक्षा चांगला. त्यावर सेल्फ अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबरी टेप ताणून, जवळपास दुप्पट लांब करून, खालून वर गुंडाळा. कौलं जशी खालच्या ओळीवर वरची ओळ चढवून घालतात, तसा वरचा वेढा खालच्यावर आला पाहिजे, म्हणजे पाणी वेढ्यांच्या फटीत न शिरता ओघळून जातं. त्यावर उन्हापासून बचावासाठी चांगल्या पीव्हीसी टेपचा थर. नुसती इलेक्ट्रिशियनची काळी टेप एका मे महिन्यात सुटते.

सिलिकॉन लावणार असाल तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं. तसलं सिलिकॉन कनेक्टरला लावू नये. अँटेनाच्या पायाशी खाली बारीक भोक असतं, ते आत साठलेली ओल निघून जायला ठेवलेलं असतं, तेही बुजवू नका. आणि केबल खिडकीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, पाणी तिथून टपकून जाईल, घरात आणि सेटमध्ये येणार नाही.

केबल ठीक, अँटेना ठीक, तरीही ऐकू कमी येतं

अशा वेळी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे रिसीव्हर गुदमरणं. स्वस्त हँडी (हातात धरायच्या) सेटला बाहेरची उंच अँटेना लावली की जवळचे मोबाइल टॉवर आणि एफएम केंद्रं यांचे तगडे सिग्नल आत घुसतात आणि रिसीव्हर बहिरा होतो. अँटेना जितकी उंच तितका हा त्रास जास्त, त्यामुळे दोष केबलचा वाटतो. ओळखायची खूण सोपी: फक्त ऐकण्यासाठी मधे ६ डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. हवा तो सिग्नल कमी होण्याऐवजी स्वच्छ झाला तर रिसीव्हर गुदमरत होता. उपाय म्हणजे बँडपास फिल्टर (हवा तोच पट्टा आत सोडणारा) किंवा गाडीत बसवतात तसला चांगला मोबाइल रेडिओ सेट. ॲटेन्युएटर लावलेला असताना पीटीटी दाबू नका.

दुसरी म्हणजे केबलची बाहेरची बाजू अँटेनासारखी वागणं. केबलची लांबी थोडी बदलली किंवा केबल हाताने धरली की एसडब्ल्यूआर बदलतो, ही त्याची खूण. अँटेनाच्या पायाशी केबलवर चार-पाच फेराइट क्लिप बसवा. घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि इन्व्हर्टरचा आवाज केबलवाटे वर चढतो, तोही याने कमी होतो. अँटेना धातूच्या पाइपाला खेटून बाजूला बांधली असेल तर तीही पाइपाच्या टोकावर न्या.

साताऱ्यात हिशेब बदलतो

वरचं उंचीचं गणित सांगली, मिरज, तासगाव अशा मोकळ्या भागाचं आहे. सातारा शहरात ते तसंच लावू नये. घर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला पायथ्याशी असेल आणि कराडकडे बोलायचं असेल, तर मधे शहरापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच डोंगर उभा आहे. तिथे पाइप तीन मीटर वाढवणं म्हणजे डोंगराच्या एक टक्का. लाट डोंगराच्या धारेवर वाकून पलीकडे जाते, पण धारेला नुसतं चाटून जातानाच ६ डीबी जातात, आणि जितकं खोल सावलीत बसाल तितका तोटा वाढत जातो, वीस डीबी आणि त्याहून जास्त. अशा घराला उंच पाइपापेक्षा यागी अँटेना (एका दिशेला रोखायची) आणि चांगली केबल जास्त उपयोगी. यागी सरळ कराडकडे न रोखता सावकाश चहूकडे फिरवून बघावी. यवतेश्वरासारख्या दुसऱ्या डोंगरावरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल कधी कधी थेट वाटेपेक्षा बलवान मिळतो. डोंगरावरचा रिपीटर घरातून दिसत असेल तर प्रश्नच नाही, मग उंची जवळपास गौण आणि केबल महत्त्वाची.

एचएफबद्दल (३० मेगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांबद्दल) थोडक्यात. ७ मेगाहर्ट्झला आरजी-५८ चा तोटा १०० मीटरला ४ डीबीच्या आसपास, म्हणजे ३० मीटरला जेमतेम सव्वा डीबी. ऐकताना तर बाहेरचा आवाजच इतका असतो की तो तोटा जाणवतही नाही. महाराष्ट्रात आसपास बोलायला ७ मेगाहर्ट्झचा डायपोल आठ-दहा मीटरवर असला तरी उत्तम चालतो, कारण लाट जवळपास सरळ वर जाऊन खाली यायला हवी असते. तिथे महाग केबलवर पैसे घालू नका. पाण्याचा दोष मात्र तिथेही तितकाच नडतो.

केबल कोणती घ्यावी

माझं मत स्पष्ट आहे: आधी केबल आखूड करा, मग चांगली घ्या, मग पाइप वाढवा. सेट वरच्या मजल्यावर किंवा जिन्याच्या खोलीत नेता आला तर दहा-पंधरा मीटर एका फटक्यात वाचतात आणि खर्च शून्य. पुढची पाटी वेगळी होणारा मोबाइल सेट असेल तर मुख्य भाग बॅटरीसह वर ठेवून पाटी खाली आणता येते. बॅटरी वरच हवी. खालून लांब वायरने बारा व्होल्ट नेले तर दहा अँपिअरला व्होल्टेज पडतं.

व्हीएचएफवर पंधरा-वीस मीटरपेक्षा लांब जायचं असेल तर आरजी-२१३ च्या खाली उतरू नये, यूएचएफ महत्त्वाचं असेल तर एलएमआर-४०० प्रकारची. आरजी-५८ तीन-चार मीटरच्या जोडणीपुरती. घेताना एक तुकडा सोलून बघा. जाळी इतकी विरळ असते की आतलं पांढरं प्लास्टिक सगळीकडे दिसतं, असा माल बाजारात भरपूर आहे. आरजी-५८ च्या किंवा आरजी-२१३ च्या मधल्या तारेला चुंबक चिकटलं तर ती तांब्याची नाही.

पैसे कमी असतील, विद्यार्थी असाल, तर डीटीएचवाल्यांची आरजी-६ नाकारू नका. ती ७५ ओहमची आहे, ५० ची नाही, पण व्हीएचएफवर तिचा तोटा आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी, आरजी-२१३ च्या जवळपास असतो. ७५ आणि ५० च्या तफावतीने सर्वांत वाईट एसडब्ल्यूआर सव्वादोनच्या आसपास येतो, हँडी किंवा लहान मोबाइल सेट तो बहुधा सोसतो. तिची अडचण वेगळी आहे: ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर बसत नाही. म्हणून दाबून बसवायचा एफ कनेक्टर आणि त्यावर ॲडॉप्टर घ्या, आणि तो जोडही वर सांगितल्याप्रमाणे टेपने झाका.

ही सगळी कामं एप्रिल-मेमध्ये, वळीव सुरू होण्याआधी करा. काम झालं की वॉटमीटरचा वरचा-खालचा आकडा, एसडब्ल्यूआर आणि ओळखीच्या एका रिपीटरचं एस-मीटरवरचं (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचं) वाचन तारखेसह कागदावर लिहून सेटला चिकटवा. जुलैत पहिली झड लागून गेली की पुन्हा मोजा. फरक एक डीबीच्या आत असेल तर जोड टिकला.

पाइप उभा करताना महावितरणच्या तारांपासून पाइपाच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवा, म्हणजे पडला तरी तारांपर्यंत पोचणार नाही. पाइपाला जाड तारेने स्वतंत्र अर्थिंग द्या आणि ते घराच्या अर्थिंगला जोडून घ्या. वळिवाचे ढग दिसले की केबल सेटमधून काढा आणि तिचं टोक खिडकीबाहेर ठेवा.